रंग सगळ्यात शेवटी

जुनी फियाट बघायला जाताना खिशात दोन वस्तू असाव्यात. मऊ फडक्यात गुंडाळलेलं एक छोटं चुंबक आणि एक बारीक स्क्रूड्रायव्हर. चुंबक दारांच्या खालच्या कडेवरून, हेडलाइटभोवतीच्या मडगार्डवरून आणि मागच्या चाकांच्या कमानीवरून सावकाश फिरवायचं. जिथे ते चिकटून राहतं तिथे पत्रा आहे. जिथे ते घसरतं तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे, आणि जाड लांबीच्या खाली बहुतेक वेळा पत्रा उरलेलाच नसतो. स्क्रूड्रायव्हर गाडीखाली आडवं होऊन वापरायचा. दारांखालून लांब जाणारे सिल, जॅक लावायच्या जागा, पुढे पाय ठेवतो तिथली तळाची चादर, या सगळ्या ठिकाणी टोक दाबून बघायचं. आत गेलं, की इंजिन कितीही सुरेल वाजत असलं तरी खर्चाचा हिशेब पहिल्यापासून मांडायचा.

पुण्यात अशा गाड्या अजून सापडतात. एरंडवण्यातल्या एखाद्या बंगल्याच्या मागच्या पडवीत, पेठेतला वाडा पाडताना दुसरीकडे हलवलेली आणि तिथेच राहिलेली, एखाद्या सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात चारही टायर बसलेली. पुष्कळदा आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली, आणि आता 'विकायची नाही पण करायचं काय' अशा अवस्थेत उभी असलेली. गाडी चालून जेवढी झिजते त्याहून जास्त ती उभी राहून खराब होते, हे अशा गाडीचं बोनेट उघडलं की पाच मिनिटांत कळतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण पुढे काय जपायचं हे त्यावर ठरतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना कुर्ल्याला. पन्नाशीच्या दशकात तिथे फियाट ११०० बनू लागली. गोलसर पाठीची, बसक्या नाकाची ती गाडी, जिला आपल्याकडे सगळे 'डुक्कर फियाट' म्हणतात आणि अतिशय प्रेमाने म्हणतात. त्या काळच्या फियाटची पुढची दारं उलटी उघडायची, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. १९६४ ची डिलाइट आली तेव्हा दारं आजच्यासारखी झाली. १९७२ मध्ये नाव बदलून प्रेसिडेंट झालं, १९७४ मध्ये पद्मिनी. नावं बदलली, जाळी, दिवे, बिल्ले बदलले. आतलं इंजिन मात्र तेच राहिलं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर, मिळून १०८९ सीसी. म्हणून डिलाइटचा दुखणाईत भाग पद्मिनीच्या भागाने बरा होतो, आणि म्हणूनच अनेक गाड्यांमध्ये तीन काळांचे तुकडे एकत्र नांदताना दिसतात.

आता मूळ मुद्दा. हौशी माणूस गाडी घरी आणतो आणि आधी रंगाऱ्याकडे नेतो. मोह समजण्यासारखा आहे. गाडी चकाकली की घरच्यांचा विरोध मावळतो, फोटो काढता येतात, आपलाही हुरूप वाढतो. पण हा क्रम चुकीचा आहे, आणि त्याची कारणं अगदी साधी आहेत. रंगानंतर सिल कापावा लागला तर वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासचा रंग जळतो. इंजिन उचलताना मडगार्डला साखळी घासतेच. ब्रेक ऑइलचा थेंब नव्या रंगावर पडला आणि लगेच पाण्याने धुतला नाही तर रंग फुगून उठतो. आणि बजेट संपतं तेव्हा हातात एक सुंदर, न थांबणारी गाडी उरते. आधी सांगाडा, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, मग वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी. त्याच्याही नंतर फक्त सीटची कव्हरं, छताचं कापड आणि बीडिंग.

काही उघडायच्या आधी फोटो काढा. प्रत्येक जोडणीचे तीन: लांबून, जवळून, आणि बाजूला हात किंवा पट्टी धरून, म्हणजे मापाचा अंदाज राहतो. नट-बोल्ट सुट्या पिशव्यांत, पिशवीवर जागेचं नाव. एका डब्यात सगळे बोल्ट टाकून ठेवणारं गॅरेज दिसलं, तर गाडी तिथे देऊ नये. क्रोमच्या पट्ट्यांमागच्या छोट्या क्लिपा, दाराच्या काचेचा रेग्युलेटर, हवेच्या त्रिकोणी काचेची खिट्टी, या गोष्टी हरवल्या की इंजिनापेक्षा जास्त दमवतात. इंजिनाचं काम करणारा दर चौकात आहे. ती खिट्टी घडवून देणारा शोधावा लागतो.

फियाट ११०० ची बॉडी आणि चॅसी वेगळी नाही. जीपला खाली शिडीसारखी चॅसी असते, वरची बॉडी काढून ठेवली तरी चाकं जागच्या जागी राहतात. फियाटमध्ये तळाची चादर, सिल आणि खांब मिळूनच गाडीचा कणा होतो. त्यामुळे सिल सडणं म्हणजे कणा कमकुवत होणं. दार उघडलं आणि परत लावताना ते किंचित उचलून लावावं लागलं, तर बिजागरीला दोष देण्याआधी सिल बघावा. गाडी मधोमध वाकू लागलेली असू शकते.

गंज कुठून येतो हे नीट समजून घेतलं तर अर्धं काम होतं. पुढच्या काचेखाली हवेसाठी झरोका असतो. गाडी गुलमोहराखाली किंवा पर्जन्यवृक्षाखाली उभी असली की पाकळ्या, बारीक पानं त्यातून आत जातात, कुजतात आणि पाणी जायची वाट बुजवतात. मग जूनपासून सप्टेंबरपर्यंतचं पाणी डॅशबोर्डामागून पायाखाली उतरतं. तिथे रबरी मॅट, त्याखाली नमदा. नमदा पाणी धरून ठेवतो आणि दिवाळीपर्यंत वाळत नाही. पत्रा वरून नाही, आतून खालून सडतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं असतात. पूर्वीच्या रंगाऱ्याने ती लांबीने बुजवलेली असतात, कारण तशी कड एकसंध दिसते. मडगार्डच्या आत हेडलाइटच्या मागे चाकाने उडवलेला चिखल साठतो. बॅटरीच्या खालचा ट्रे ॲसिडने खाल्लेला असतो. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात पाणी असतं. या पाच जागा एकदा साफ केल्या आणि भोकं मोकळी ठेवली, तर दुरुस्त केलेला पत्रा पुढे खूप वर्षं टिकतो. न केल्या, तर दोन पावसाळ्यांत फुगे परत येतात.

सिल बदलताना घाई करणाऱ्या कारागिराला हात लावू देऊ नये. आधी दारांच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या: वर, मध्ये, खाली, दोन्ही बाजूंना. मग दार काढून त्या चौकटीत आडवी आणि तिरकी लोखंडी पट्टी वेल्डिंगचे टाके मारून लावायची, म्हणजे कापल्यावर चौकट हलणार नाही. गाडी सपाट जमिनीवर, वजन एक्सलच्या जवळ टेकवलेलं. एका वेळी एकच बाजू कापायची, ती पूर्ण बांधली की दुसरी. दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर गाडी बसते आणि मग एकही दार पुन्हा नीट लागत नाही. बाहेरच्या कातडीला २० गेजचा पत्रा पुरतो, सिलच्या आतल्या वजन पेलणाऱ्या पेटीला १८ गेज. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा लाटांसारखा वाकतो, म्हणून सीओटू वेल्डिंग. तेही सलग रेघ ओढून नाही. एक टाका इथे, पुढचा वीतभर दूर, मधला निवेपर्यंत तिसरीकडे. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला ५-६ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरायची. घासल्यावर ते मूळ स्पॉटसारखेच दिसतात आणि ताकदही देतात. पेटी बंद करायच्या आधी आतून झिंकचा प्रायमर मारायचा. एकदा बंद झाली की तिथे हात पोचत नाही, पुढे फक्त भोकातून नळी घालून मेण किंवा जाड गंजरोधक तेल सोडता येतं. तेही सोडावंच.

उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. पुण्याच्या पावसाळी हवेत रात्रभर उघडा राहिलेला पत्रा सकाळी तांबूस दिसतो. ती तांबूस छटा फडक्याने पुसून वर रंग मारणारे पुष्कळ आहेत. लांबी प्रायमरच्या वर, दोन-तीन मिलिमीटरहून जाड नाही. लांबी स्पंजासारखी ओल पिते. ती भरून, घासून गाडी महिनाभर तशीच पावसात उभी ठेवली तर ओल आत जाऊन बसते आणि वरचा रंग कितीही भारी असला तरी वर्षभरात पुटकुळ्या येतात. दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो.

ब्रेककडे वळू. चारही चाकांना ड्रम आणि तेलाचा एकच मार्ग. म्हणजे कुठेही एक नळी फुटली तर चारही ब्रेक जातात. म्हणून इथे 'चालतंय ना' हे उत्तर नाही. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर उघडले की आत बारीक खड्डे दिसतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ती ओल तळाशी राहते आणि लोखंड खाते. खड्ड्यांवर नवे वॉशर बसवले तर महिन्याभरात गळतात. सिलिंडर नवा मिळाला तर उत्तम, नाहीतर लेथवर आत स्टेनलेसची किंवा पितळेची नळी (स्लीव्ह) बसवून मूळ मापाला आणता येतो. लवचीक रबरी होज मात्र नवेच घालायचे. जुना होज बाहेरून ठीक दिसतो, आतून सुजतो. पायाच्या जोराने तेल आत जातं पण परत येत नाही, ब्रेक लागून राहतो, चाक तापतं, आणि बिचारा मेकॅनिक लायनर घासत बसतो. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी: आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत डावं मागचं, मग उजवं मागचं, मग डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं. तेल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालली असो वा नसो.

पुढचं चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवलं आणि खटखटलं, तर बेअरिंग की किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं ती, हा प्रश्न येतो. एकाला आत बसवून ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर बेअरिंग सैल आहे. थांबली नाही तर किंगपिनचं बुश गेलंय. किंगपिनमध्ये ग्रीस भरायची निपलं बहुतेक गाड्यांत वाळलेल्या ग्रीसने बंद पडलेली असतात. गनमधून ग्रीस बाहेर ओघळतं आणि आत गेलं असा समज होतो. निपल काढून, रॉकेलने धुऊन, नवं लावून, जुनं काळं ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत भरायचं.

स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा ही या गाडीची ओळख. तो सैल झाला की लोक गिअरबॉक्स उघडतात. आधी दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची बुशं बघा. प्रत्येक जोडणीत अर्धा मिलिमीटर झीज असली तरी चार-पाच जोडण्यांची मिळून दांड्याच्या टोकाला दोन बोटं होते. बुशं बदलली की गिअर पुन्हा लोण्यासारखे पडतात. पहिला गिअर मात्र गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा. त्याला सिंक्रो, म्हणजे दात जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी कडी, नाही, आणि चालत्या गाडीत टाकला की दातांचा जो आवाज येतो तो ऐकवत नाही.

दहा-पंधरा वर्षं बंद असलेलं इंजिन सेल्फ मारून चालू करू नये. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे तेल सोडा, एक दिवस जाऊ द्या. मग पुढून हँडल घालून हाताने फिरवा, पूर्ण दोन फेरे, कुठे अडतंय का हे हाताला कळू द्या. जुनं ऑइल काढून नवं भरा. अजून प्लग लावू नका; प्लगविना सेल्फ मारत राहा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. तेल वरपर्यंत पोचलं. मग प्लग, आणि पेट्रोल टाकीतून नाही, बाहेर टांगलेल्या छोट्या डब्यातून. टाकीत दहा वर्षांपूर्वीचं पेट्रोल वार्निश होऊन बसलेलं असतं, ते कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, गेलं की पुढचे आठ दिवस जेट साफ करण्यात जातात. आणि टाकीला भोक असेल तर ती कुणाही वेल्डरकडे नेऊ नका. रिकाम्या टाकीतल्या वाफा भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असतात.

चालू झाल्यावर कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा चारांतला फरक महत्त्वाचा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १०-१५ टक्क्यांहून कमी असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, नाही चढला तर वाल्व बसत नाहीये. एवढ्या चाचणीवर इंजिन पूर्ण खोलायचं की फक्त हेड काढायचं हे ठरतं, आणि बऱ्याचदा निम्मा खर्च वाचतो. हेड ॲल्युमिनियमचं आहे. वर्षानुवर्षं नळाचं पाणी रेडिएटरमध्ये भरल्याने पाण्याचे मार्ग आतून खाल्लेले असतात. हेडच्या सपाटीवर पोलादी पट्टी ठेवून खाली ०.१ मिलिमीटरचा फीलर (फट मोजायची पातळ पाती) जातोय का बघायचं. गेला तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं, करावं लागेल, पण आधी किती वेळा झालंय हे विचारा. प्रत्येक फेसिंगने कॉम्प्रेशन वाढतं आणि चढावर इंजिन ठोकू लागतं. बसवताना बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत आवळायचे. पाचशे किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड असताना पुन्हा एकदा.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. दहातल्या आठ गाड्यांत तो नसतो. घाटात अडकून बंद राहिला तर इंजिन तापून हेड जाईल, या भीतीने पूर्वीच्या मिस्त्रींनी काढून फेकलेला. त्यांची भीती खोटी नव्हती. खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून उभ्या फियाटींची रांग, कॅपमधून उसळणारी वाफ, कुणीतरी बादली घेऊन झऱ्याकडे निघालेलं, गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं गुंडाळलेलं. उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईला गेलेल्या पिढीला हे चित्र अजून डोळ्यांसमोर दिसतं. त्या ओल्या फडक्यामागे शास्त्र होतं. पंप इंजिनाला चिकटून असतो, तापतो, आत पेट्रोलची वाफ होते, आणि वाफेला पंप ढकलू शकत नाही. फडक्याने पंप गार झाला की वाफेचं परत पेट्रोल होतं. पण थर्मोस्टॅट काढणं हा त्यावरचा इलाज नाही. तो नसला की इंजिन कायम अर्धवट गार राहतं, चोक जास्त वापरावा लागतो, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि सिलिंडर लवकर झिजतात. रेडिएटरची जाळी नवी करा, कॅप योग्य दाबाची घ्या, कूलंट भरा, आणि थर्मोस्टॅट परत बसवा. बसवण्याआधी भांड्यात पाणी तापवून त्यात तो उघडतो का हे डोळ्यांनी बघा.

पेट्रोलचं दुखणं नवं आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनलेले नाहीत. गाडीतल्या पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) कडक होऊन चिरतो, जुने पाइप आतून सुटे होतात, टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सुटून जेटमध्ये येतो. इथेनॉल ओल शोषतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीत पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळं होतं आणि टाकी खालून गंजते. इलाज आहेत: इथेनॉल सोसणारे पाइप, नवा डायफ्रॅम, टाकीनंतर पारदर्शक फिल्टर. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ होतं. प्लगचं टोक पांढरट दिसलं तर मुख्य जेट एक नंबर मोठा लावून बघावा. तपकिरी रंग आला की थांबा. जून महिन्यात गाडी झाकून ठेवायची असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.

वायरिंगबद्दल थोडक्यात. जुनी वायर एकदम उपसू नका, एकेक सर्किट बदला. दोन हेडलाइट ६०-६० वॅटचे लावले तर १२ व्होल्टवर १० अँपिअर होतात; एवढा करंट जुन्या स्विचमधून जाऊ लागला की स्विच जळतो. रिले घाला, म्हणजे मोठा करंट स्विचऐवजी त्यातून जातो. डायनमोची गाडी सिग्नलला उभी राहिली की दिवे मंद होतात, तो दोष नाही. मंद गतीला डायनमो तेवढंच देतो. आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी नवी लावा. निम्म्या 'बॅटरी डाऊन'च्या तक्रारी त्या एका पट्टीने मिटतात.

सुट्या भागांसाठी नाना पेठ आहे, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. जुन्या बाजारात काय मिळेल सांगता येत नाही, म्हणून मूळ तुकडा बरोबर न्यावा, निदान त्याचं माप. फियाटचे भाग इतकी वर्षं मिळत राहिले यामागे मोठं कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं होतं. हजारो टॅक्स्या रोज झिजत होत्या, म्हणून बुशं, लायनर, वॉशर बनत होते. कारखाना शतक बदलताना बंद झाला तरी टॅक्सी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता हे भाग मागणारे फक्त आपणच उरलो. म्हणून जे मिळेल ते दोन घ्या. फक्त रबराच्या बाबतीत फसू नका: तीस वर्षं खोक्यात बंद असलेला 'नवा' ऑइल सील हा मेलेला सील असतो. धातूचे जुने भाग घ्या, रबर कायम ताजं. जे मिळत नाही ते भोसरीतल्या लेथवर होतं, मापाचं चित्र नीट काढून दिलं तर.

कागदपत्रांचंही पाहून ठेवा. १५ जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५ हजार. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी नुकत्याच या वयात आल्या. पण विंटेज नोंदलेली गाडी रोज वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर येते. रविवारी सकाळी कुटुंबाला घेऊन फिरायचं असेल तर साधी नोंदणी आणि तिचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण हेच बरं. आणि नियमातला 'मूळ स्वरूप' हा शब्द लक्षात ठेवा: बॉडी, चॅसी, इंजिन बदललेलं चालत नाही. दुसऱ्याच कुठल्या गाडीचं इंजिन आत घालून 'रिस्टोअर' म्हणणाऱ्यांची वाट इथे बंद होते, आणि ती बंद झाली हे मला योग्य वाटतं.

आता रंग. मूळ रंग कोणता हे मालकाला विचारू नका, गाडीला विचारा. दाराच्या रबराखाली, ग्लोव्हबॉक्सच्या आत, डॅशबोर्डामागे, बोनेटच्या बिजागरीखाली, जिथे ऊन आणि रंगाऱ्याचा गन पोचला नाही तिथे तो शाबूत असतो. तिथला नाणंभर भाग पॉलिशने उजळून त्यावरूनच छटा जुळवायची. मडगार्डवर एका जागी पाणी लावून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हळूहळू घासत गेलं, की थर एकामागून एक उघडतात: वरचा चकचकीत लाल, खाली पांढरा, त्याखाली राखाडी प्रायमर, मग फिकट पिस्ता. बोनेटवर घासताना कधी मधल्याच एखाद्या थरात तांबूस गोल डाग दिसतो. दसऱ्याच्या पूजेत स्वस्तिक काढलेल्या कुंकवाने रंगात मुरलेला. पुढच्या जाळीच्या कोपऱ्यात बारीक गंजकी रेघ असते, झेंडूचं तोरण दरवर्षी तारेने बांधल्याची. डॅशबोर्डवर गणपतीच्या स्टिकरची चौकोनी सावली. यातलं डॅशबोर्ड आणि आतलं जेवढं ठेवता येईल तेवढं ठेवावं. त्या गाडीला तिचं घर कोणतं होतं हे तिथेच लिहिलेलं आहे, आणि नवं रेक्झिन ते सांगत नाही.

काम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीत. पावसाळी हवेत थिनर उडताना रंगाचा थर गार पडतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि रंग दुधाळ दिसतो. हल्लीचा पीयू रंग टिकाऊ आहे, पण त्याच्या हार्डनरमधली वाफ फुप्फुसाला घातक असते. रंगाऱ्याने साधा रुमाल बांधलेला दिसला तर काम थांबवून योग्य मास्क आणून द्या. आणि चकाकी आवरती ठेवा. कुर्ल्याहून निघालेली पद्मिनी आरशासारखी कधीच नव्हती. क्रोमही तसंच: आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम. थेट क्रोम मारून देणारा स्वस्त पडतो, आणि पहिल्या पावसात बंपरवर तपकिरी ठिपके येतात.

गाडी बांधून झाली की चाचणीला पुण्याहून सासवडकडे जाणारा दिवे घाट. सकाळी लवकर, वाहतूक नसताना. चढताना फक्त तापमानाच्या काट्याकडे लक्ष. सासवडला थांबून चारही ड्रमला बोट लावा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथे ब्रेक लागून राहतोय. उतरताना न्यूट्रल अजिबात नाही, ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. खाली आल्यावर गाडीखाली पुठ्ठा सरकवून रात्रभर ठेवा. सकाळी त्यावरचे थेंब कुठे आणि कोणत्या रंगाचे आहेत ते बघितलं, की पुढच्या आठवड्याची कामं ठरतात.

नवा रंग पक्का व्हायला महिनाभर तरी जाऊ द्यावा, तोवर मेणाचं पॉलिश नको. आणि मध्ये दसरा आला तर कुंकू बोनेटवर थेट ओलं लावू नका. पानावर काढून ते पान ठेवा. तोरण बांधा, जरूर बांधा, पण तारेऐवजी सुती दोऱ्याने, आणि पाऊस येण्याआधी सोडा.